सोहराईला 'झारखंडची वारली' म्हणू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या पुरवणीत शेवटच्या पानावर तुम्ही एका मातीच्या घराचा मोठा रंगीत फोटो छापला होता. भिंतीवर काळ्या-लाल रेषांतला मोर, त्याच्या पोटात मासा, बाजूला वेल. ही सोहराई, म्हणजे झारखंडमधला गुरांचा सण आणि त्यासाठी तिथल्या बायका मातीच्या भिंतींवर काढतात ती चित्रं. फोटो सुंदरच होता, मी कापून ठेवलाय. पण खाली ओळ होती 'झारखंडची वारली आता तुमच्या दिवाणखान्यात' आणि मजकूर सगळा कुशन कव्हर, बेडशीट, वॉलपीस कुठे मिळतील याचा. फोटोग्राफरचं नाव छापलंत, जिनं भिंत रंगवली तिचं नाव नाही, गावाचं पण नाही. आणि सगळ्यात जास्त मला काय लागलं सांगू का, त्या अर्ध्या पानात गाय, बैल, गोठा यातला एकही शब्द नव्हता. सोहराईवर लिहायचं आणि गुरांचं नाव नाही घ्यायचं हे म्हणजे पोळ्यावर लिहायचं आणि बैल गाळायचा. म्हणून हे पत्र लिहायला बसले, थोडं लांबेल, जमेल तेवढं छापा.

मी मूळची यवतमाळकडची, आता नागपुरात असते. मिस्टरांची बँकेतली नोकरी, त्यामुळे १९९६ ते २००१ आम्ही हजारीबागला होतो. गेलो तेव्हा तो बिहार होता, १५ नोव्हेंबर २००० ला झारखंड झालं ते आमच्या डोळ्यासमोर. आमच्याकडे बडकागावच्या रस्त्यावरच्या एका गावातून एक बाई दूध घेऊन यायच्या, सगळे त्यांना चाची म्हणायचे म्हणून मी पण चाचीच म्हणायचे. पहिल्याच वर्षी दिवाळीच्या आधी त्या आठ दिवस आल्या नाहीत, मुलाला पाठवायच्या. मी विचारलं तर तो म्हणाला, माँ दीवार लीप रही है. मला वाटलं घराचं काही काम निघालं असेल. मग दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला घरी बोलावलं आणि तिथे जे बघितलं ते आज तीस वर्षं होत आली तरी जसंच्या तसं आठवतं.

पावसाळ्यात मातीच्या भिंतींचे पोपडे निघतात, चिरा पडतात. पाऊस संपला की बायका माती आणि शेण कालवून आधी भिंत दुरुस्त करतात, सारवतात, आणि मग त्यावर चित्रं. सगळे रंग मातीचे. काळी माती (तिच्यात मँगनीज असतं म्हणून ती काळी), पांढरी दुधी माती, पिवळी माती आणि गेरू. ब्रश म्हणजे साल झाडाची दातवणाची काडी, टोक चावून मऊ केलेली, नाहीतर कापडाचा बोळा. काही गावात तुटक्या कंगव्याचा तुकडा वापरतात, त्याचं तंत्र वेगळं आहे, काळ्या मातीचा थर वाळू द्यायचा, त्यावर दुधी मातीचा ओला हात फिरवायचा आणि तो ओला असतानाच कंगव्याने ओढायचं, खालचा काळा रंग रेषारेषांनी वर येतो. हात उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला तर बिघडतं. हे कंगव्याचं काम म्हणजे खोवर, ते लग्नसराईतलं, नवरा-नवरीच्या खोलीसाठी. सोहराई मात्र पीक आणि गुरांची. दोन्ही त्याच बायकांच्या हातचं म्हणून बाहेर 'सोहराई-खोवर' असं जोडून नाव घेतात, पण तिथे कोणी दोन्हीत गल्लत करत नाही.

मी ड्रॉइंग शिकवायचे शाळेत, त्यामुळे माझं सगळं लक्ष भिंतीकडे. फोटो काढ, वहीत उतरवून घे असं चाललेलं. चाची हसल्या आणि म्हणाल्या, अभी तो कुछ हुआ ही नहीं है, रुको, वो लोग आएँगे. 'वो लोग' म्हणजे गुरं. सकाळीच त्यांना जंगलाकडे नेलं होतं, तळ्यावर धुऊन दुपारी परत आणणार होते. तेवढ्यात घरातल्या दोघी-तिघी जणी तांदळाच्या पिठाचं पाणी घेऊन बसल्या आणि अंगणाच्या तोंडापासून थेट गोठ्याच्या दारापर्यंत जमिनीवर नक्षी काढायला लागल्या, बोटांनीच. त्याला अरिपन म्हणतात. इतकं नाजूक आणि इतकं झपाझप की मी कॅमेरा खाली ठेवून नुसती बघत राहिले. आणि मग गुरं आली. शिंगांना तेल-शेंदूर लावला, अंगावर रंगाचे गोल गोल ठसे उठवले, आणि ती सगळी त्या अरिपनवरून चालत गोठ्यात गेली. खुरांखाली नक्षी विस्कटली, पुसली, ओल्या पिठात पाय उमटले. मला अगदी चुटपुट लागली, म्हटलं अहो बाजूने न्यायचं ना, एवढी मेहनत. चाची म्हणाल्या, उन्हीं के लिए तो बनाया, पैर नहीं पड़ेगा तो बेकार है.

संपादक साहेब, माझं सगळं पत्र या एका वाक्यावर उभं आहे. भिंतीवरची चित्रं म्हणजे घराने केलेली तयारी, पाहुणे येणार म्हणून, आणि पाहुणे म्हणजे वर्षभर नांगर ओढलेले बैल आणि दूध दिलेल्या गाई-म्हशी. त्या दिवशी त्यांना आधी जेवायला, मग माणसांनी. जू ठेवायचं नाही त्यांच्या मानेवर. नांगर-अवजारं धुऊन ठेवलेली. आदल्या रात्री, अमावस्येला, गोठ्यात रात्रभर दिवा. कुडमी लोकांच्यात याला बांदना म्हणतात आणि त्या रात्री पोरं-बाप्ये ढोल-मांदर घेऊन घरोघर गोठ्यापुढे जातात आणि गुरांना जागवायची गाणी म्हणतात, अहिरा गीत. गुरांना झोपू द्यायचं नाही, त्यांच्यासाठी गायचं, त्यांना सांगायचं की वर्षभर तुम्ही आमच्यासाठी जागलात. आणि पुढे एक दिवस बैल खुंट्याला बांधून त्याच्यापुढे ढोल वाजवत नाचायचं, बैल उसळतो, शिंगं रोखतो, लोक मागे पळतात पुन्हा पुढे येतात. हजारीबागकडे त्याला बरदखुंटा म्हणायचे, दुसरीकडे गोरूखुंटा. मला पहिल्यांदा भीती वाटली होती आणि बैलाची दया पण आली होती, हे खरं सांगते.

संथालांचा सोहराई वेगळा, त्याबद्दल पण चार ओळी लिहितेच कारण तुमच्या मजकुरात सगळं एकाच दिवशी उरकून टाकलंय. दुमका बाजूला, संथाल परगण्यात, हा सण दिवाळीला नसतो, भात घरात आलं की जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास, आणि पाच-सहा दिवस चालतो. गावचा मांझी म्हणजे प्रमुख तारीख ठरवतो म्हणून शेजारशेजारच्या गावात दिवस वेगळे असू शकतात. ते याला हत्तीएवढा सण म्हणतात, त्यांच्यात याहून मोठा सण नाही. पहिला दिवस आंघोळीचा, उम. त्या दिवशी गावाबाहेर माळावर गावचा नायके म्हणजे पुजारी पूजा करतो, जमिनीवर अंडं ठेवतो आणि गावची सगळी गुरं त्यावरून हाकतात. ज्या गाईचा पाय अंड्यावर पडेल किंवा जी त्याला हुंगेल ती भाग्याची, तिचे पाय धुतात, शिंगांना तेल-शेंदूर लावतात. हे मला एका संथाल शिपायाने सांगितलं तेव्हा मला चाचीचं अरिपन आठवलं. कुठे हजारीबाग कुठे दुमका, भाषा वेगळी, देव वेगळे, पण खुराचा ठसा उमटला पाहिजे हे दोन्हीकडे आहे.

आणि मग मला माझं माहेर आठवलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांची खांदशेकणी, हळद-लोणी चोळायचं खांद्याला, आणि माझे आबा बैलाच्या कानात म्हणायचे, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी झुली, बेगड, शिंगांना रंग, तोरणाखाली सगळ्या गावचे बैल, झडत्या, आणि तोरण तुटलं की पोळा फुटला. मग घरी आले की पाय धुऊन पुरणपोळी. आम्ही पण बैलाला आवतन देतो, पाहुण्यासारखं. त्यामुळे विदर्भातल्या वाचकाला सोहराई समजावून सांगायला 'वारली'ची गरजच नाही, त्याला म्हणा पोळा आठव, आणि त्यात घरातल्या बायकांच्या हातची भिंत जोड. लगेच कळेल.

वारलीशी तुलना करूच नये असं माझं म्हणणं नाही. साम्य आहे की. तांदळाचं पीठ, गेरू, शेणाने सारवलेली भिंत, लग्नाचा चौक सवाष्णींनी लिहायचा, हे सगळं वारलीत पण आहे, आणि आपल्या डहाणू-जव्हार पट्ट्यात वाघबारस पण गुराख्यांचीच. पण म्हणून एकाला दुसऱ्याची 'शाखा' केली की दोघांचंही नुकसान होतं. सोहराईत वारलीसारखी त्रिकोणाची माणसं नाहीत. तिथे मोठे मोठे प्राणी, पक्षी, हत्ती, हरीण, मोर, साप, कमळ, झाडं, प्राण्याच्या पोटात दुसरा प्राणी, आणि भेलवारा गावाकडे तर जनावराच्या पाठीवर उभा असलेला पशुपती. रेषा एकाला लागून एक अशा, लाल मग काळी मग पांढरी. बुलू इमाम साहेबांनी लिहिलंय की लाल रेघ पूर्वजांची, काळी शिवाची आणि पांढरी अन्नाची. हे नाव तरी तुमच्या मजकुरात यायला हवं होतं. हजारीबागचेच, १९९१ मध्ये बडकागावजवळच्या इस्को गावची कातळचित्रं त्यांनी जगापुढे आणली, ती चित्रं आणि आजच्या भिंतींवरची चित्रं यांच्यातलं नातं दाखवलं, १९९३ पासून गावातल्या बायकांची सहकारी संस्था उभी करून ही चित्रं कागदावर उतरवली, परदेशात प्रदर्शनं केली. २०१९ ला पद्मश्री मिळाली. आपल्याकडे जिव्या सोमा म्हशेंचं नाव न घेता कोणी वारलीवर लिहील का?

दुसरं, नुसतं 'आदिवासी कला' म्हणून पण भागत नाही. मुंडा, उराँव, संथाल तर आहेतच पण हजारीबागच्या भिंती रंगवणाऱ्यात कुडमी, प्रजापती म्हणजे कुंभार, गंजू, घटवाल, राणा, तेली अशा कितीतरी जातींच्या बायका आहेत आणि प्रत्येकीची ढब वेगळी. जोराकाठ गावचं कंगव्याचं काम बघून सवय झालेली बाई भेलवाराची भिंत लांबून ओळखते. आई मुलीला शिकवते, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की माहेरची वेल सासरच्या भिंतीवर चढते. चाची मला त्यांच्या गल्लीतल्या घरांकडे बोट दाखवून सांगायच्या, ही सून अमक्या गावची, बघ तिचा हत्ती वेगळा आहे. म्हणूनच मी म्हणते की बाईचं आणि गावाचं नाव छापा, कारण त्या नावाशिवाय चित्राचा पत्ताच लागत नाही.

सोहराई-खोवरला मे २०२० मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाला, झारखंडचा पहिलाच, तो मिळवला पण हजारीबागच्या बायकांच्याच सहकारी संस्थेने. वारलीला २०१४ ला मिळाला होता. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान रशियात कझानला ब्रिक्स देशांच्या परिषदेला गेले तेव्हा रशियाच्या अध्यक्षांना सोहराई चित्र दिलं आणि उझबेकिस्तानच्या अध्यक्षांना वारली, एकाच दौऱ्यात, दोन वेगळी चित्रं, दोन वेगळी नावं. तिथे कोणी सोहराईला झारखंडची वारली म्हटलं नाही हो.

मी विक्रीच्या विरोधात आहे असं कृपया समजू नका. ज्या बायकांना पूर्वी हातात एक रुपया दिसत नव्हता त्यांना कागदावर, कापडावर चित्र काढून पैसे मिळतायत, त्यांच्या पोरी शिकतायत, मला त्याचा आनंदच आहे, माझ्या पण घरात दोन चित्रं आहेत, विकत घेतलेली. पण प्रिंट मारलेलं बेडशीट आणि बाईच्या हातचं चित्र यात फरक आहे आणि तुमच्या मजकुरात दोन्हीची किंमत शेजारी शेजारी छापली होती, वाचणाऱ्याला वाटणार तीच वस्तू स्वस्तात मिळतेय. प्रिंटच्या पैशातला त्या गावात किती पोचतो हे विचारायला हवं होतं.

आणि जे सगळ्यात मोठं आहे ते म्हणजे ही भिंतच चाललीय. २०२२ ला आम्ही दोघं पुन्हा गेलो होतो. चाची थकल्यात, दिसायला कमी झालंय. त्यांचं घर आता पक्कं, सिमेंटचं, सरकारी योजनेतून बांधलेलं, आणि त्यांना त्याचा अभिमान आहे, का नसावा, दरवर्षी पावसात भिंत कोसळायची भीती तुम्ही-आम्ही नाही काढलेली. पण सिमेंटच्या प्लास्टरवर माती धरत नाही, वाळली की गळून पडते, म्हणून सुनेने भिंतींना गुलाबी ऑइलपेंट दिलाय. बैल विकले, ट्रॅक्टर भाड्याने येतो, एक गाय आहे. काळी माती जिथून आणायच्या त्या बाजूला आता खाणीचं काम सुरू झाल्याने जाता येत नाही असं म्हणाल्या. सगळा उत्तर करणपुरा पट्टा कोळशाचा आहे, ज्या खोऱ्यात ही कातळचित्रं आणि ही गावं आहेत त्याच्याच पोटात कोळसा. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. म्हणजे बघा, मातीची भिंत नाही, माती नाही, बैल नाही, आणि चित्राला मात्र जीआय आहे, एअरपोर्टवर आहे, स्टेशनच्या भिंतीवर आहे, परवा तुमच्या पुरवणीत पण आलं. मला यात कोणा एकाला दोष द्यायचा नाहीये. पण पेपरवाल्यांनी तरी हे विचारावं ना की चित्र पोचलं सगळीकडे, ते ज्याच्यासाठी काढायचे तो कुठे गेला. माझ्या भावाकडे पण आता ट्रॅक्टरच आहे, पोळ्याला आम्ही मातीचे बैल पूजतो, आबा असते तर त्यांनी कोणाच्या कानात आवतन दिलं असतं हा विचार दरवर्षी येतो आणि घशाशी येतं.

परवा भाऊबीजेला चाचीच्या सुनेचा फोन आला होता. मी तिला तुमच्या पेपरातल्या फोटोबद्दल सांगितलं, ती म्हणाली हमारे यहाँ तो दीवार पर इस बार भी नहीं बना. मग म्हणाली, पण अरिपन काढलं, सिमेंटच्या अंगणातच, सासूबाई खाटेवर बसून सांगत होत्या इथून वळव, तिथे पान काढ. गाय एकच, ती पण शेजारच्यांकडे बांधलेली असते, तिला धुऊन आणलं आणि त्यावरून चालवलं. सिमेंटवर पाय इतके स्पष्ट उमटले की दोन दिवस कोणी झाडू मारला नाही.

तर माझी विनंती एवढीच. एक म्हणजे, त्या फोटोतली भिंत कोणत्या गावातली आणि कोणाच्या हातची हे तुमच्या फोटोग्राफरना विचारून पुढच्या रविवारी दोन ओळी छापा, त्यांना आठवत असेलच. दुसरं, जानेवारीत संथालांचा सोहराई यायचाय अजून. तुमचा कोणी बातमीदार मोकळा असेल तर पाठवा. नागपूरहून हावड्याच्या गाडीने टाटानगर आणि पुढे दुमक्याकडे, प्रवास लांबचा आहे पण होतो. तारीख मात्र इथे बसून कॅलेंडरमध्ये सापडणार नाही, गावात विचारावी लागेल. आणि फोटो काढायचाच असेल तर त्यांना सांगा भिंतीपाशी थांबू नका, गुरं माळावरून परत येतात त्या वेळेला अंगणात बसा, खाली, जमिनीजवळ.

आपली एक जुनी वाचक,
नागपूर